बिदागी

संगीत आणि पैसा ही दोन नावे एका वाक्यात आली की आमच्यासारख्या सुशिक्षित मंडळींच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडते. गवयाने गावे, आपण डोलावे, आणि शेवटी कोणीतरी कोणाच्या तरी हाती एक पाकीट सरकवावे. ते किती जाड होते हे कोणी पाहू नये, आणि पाहिलेच तर बोलू नये, असा आमच्या वर्गातील शिष्टाचार आहे. हीच मंडळी सकाळी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात तेव्हा त्यांचे कपाळ अगदी स्वच्छ असते. ही आठी आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगून होतो. गेल्या दिवाळीत तिला धक्का बसला, त्याची ही हकीकत आहे.

आमचा पुतण्या अहमदाबादेस वस्तूंची रचना शिकविणाऱ्या एका संस्थेत शिकतो. अशा ठिकाणी खुर्च्या, किटल्या व दिवे यांचे आराखडे काढावयास शिकवीत असतील अशी आमची समजूत होती. परंतु ज्या वस्तू जगात अद्याप आलेल्या नाहीत, कदाचित कधी येणारही नाहीत, त्या घडवून दाखविण्याचाही तेथे एक विषय असतो असे तो सांगतो. ती वस्तू विकावयाची नसते. ती पाहून पाहणाऱ्याच्या मनात आजच्या व्यवहाराविषयी शंका यावी, एवढाच तिचा उपयोग. शंका उत्पन्न करण्यासाठी पुठ्ठे कापावे लागतात हे ऐकून आम्हांस गंमत वाटली; आमच्या घरात ते काम आजवर नुसत्या तोंडाने होत आले आहे. असो. संगीत आणि पैसा यांचे नाते आहे त्याहून निराळे असते तर ते कोणत्या वस्तूंतून दिसले असते, हा प्रश्न त्याने यंदा अभ्यासासाठी घेतला होता. पुठ्ठे, डिंक आणि एका मोडक्या ट्रान्झिस्टरची आतडी घेऊन तो सुटीत शहाद्यास आला आणि आमची ओसरी त्याने व्यापून टाकली.

विषय तिकडचा खरा, पण त्याचे मूळ आमच्याच घरात होते. तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलीच्या लग्नात हळदीच्या रात्री फुईने आणि तिच्याबरोबर आलेल्या चौघीजणींनी अहिराणी गाणी म्हटली होती. (आमच्या खानदेशात आत्येला फुई म्हणतात, आणि ऐंशी उलटलेल्या फुईला सारे गाव फुईच म्हणते.) पुतण्याने ती मोबाइलवर टिपून यूट्यूबवर ठेवली. पोटासाठी सुरतेस, नाशकास, पुण्यास गेलेल्या खानदेशी माणसांनी ती ऐकली असावीत. खाली लिहिलेल्या दोन दोन ओळींवरून तरी तसे दिसते. त्या कंपनीची रीत अशी, की जाहिरातींतला वाटा शंभर डॉलर साचेपर्यंत ती धाडत नाही. ते साचावयास तीन वर्षे लागली. यंदा दसऱ्याच्या सुमारास आठ हजार तीनशे आणि काही रुपये पुतण्याच्या खात्यावर आले. मधल्या काळात चौघींपैकी दोघी वारल्या होत्या.

पुतण्याने ते रुपये काढून फुईच्या पुढ्यात ठेवले. तिने ते मोजले नाहीत. ती एवढेच म्हणाली, “पैसा लिसनी काय करू रे भाऊ? मन्हासंगे म्हननारी कोन शे आते?”

आता प्रश्न असा, की हे पैसे कोणाचे? १९५७ च्या लेखाधिकाराच्या कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाचा वाटा त्यांनी स्वतः लिहून दिला तरी त्यांच्यापासून सुटू नये अशी तजवीज केली आहे. ही दुरुस्ती चांगलीच आहे. परंतु कायदा आधी कर्ता शोधतो, आणि आमच्या हळदीच्या गाण्याला कर्ता नाही. आमच्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. पण त्यांची गाणी टिपून घेणारी माणसे घरात होती आणि मुलगा कवी होता, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर का होईना, त्यांच्या नावाचे पुस्तक निघाले. ज्या घरांत कागद नव्हता तेथल्या बायांनी काय रचले, ते ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली गाडले गेले आहे. ‘पारंपरिक’ म्हणजे, व्यवहाराच्या भाषेत, फुकट.

पुतण्याने घडविलेली पहिली वस्तू एक पाकीट होते. गाणे चालू असता ते उघडत नाही. पुढे आठ दिवसांनी, महिन्याने, कधी वर्षानेही, आपल्या नकळत ते गाणे तोंडी आले की पाकिटातला एक रुपया आपला आपण त्या गाण्याच्या धन्याकडे जातो. ऐकण्याचे पैसे नाहीत, आठवण्याचे आहेत. आम्हांस ही कल्पना फार आवडली आणि आम्ही तिची तोंडभर स्तुती केली. आमच्या सौ.नी पाच मिनिटांत तिची वाट लावली. त्या म्हणाल्या, “धुण्याच्या पावडरीचे ते मेले गाणे दिवसातून चार वेळा माझ्या तोंडात येते, मला ते मुळीच आवडत नाही. त्याला रोजचे चार रुपये, आणि परवा ज्यांचा मारवा ऐकून हे दोन दिवस गप्प बसले होते त्यांना काय? मारवा कोण गुणगुणतो?” पुतण्याने हे वहीत टिपून घेतले. आम्ही मात्र दुसऱ्याच विचारात पडलो. आमच्या आईची एक अंगाई आमच्या तोंडी अजून येते. तिचा रुपया हे पाकीट कोठे धाडील? पूर्वी मालक न सापडल्याचा शेरा मारून मनिऑर्डर परत येत असे, तसा तो रुपया रोज परत येऊन आमच्याच खिशात पडेल. इतके श्रीमंत होण्याची आमची इच्छा नाही.

दुसरी वस्तू एक नोट होती. तिच्या पाठीवर नावे लिहिण्यासाठी ओळी आखल्या होत्या. गाणाऱ्याला ती वटवावयाची असेल तर हे गाणे आपल्याला कोणाकडून मिळाले, त्याला कोणाकडून, त्याच्या आधी कोणाकडे होते, अशी सारी नावे भरावी लागतात, आणि मग पैसा त्या सगळ्यांत वाटला जातो. ही कल्पना वाटते तितकी जगावेगळी नाही. ख्यालगायकांच्या घराण्यांत चीज ही केवळ गाण्याची वस्तू नव्हती, ती मिळकत होती. मुलीच्या लग्नात चिजा आंदण दिल्याच्या गोष्टी त्या मंडळींत अजून सांगतात. म्हणजे तेथे गाण्याला पैसे मिळत होते इतकेच नव्हे, तर गाणे हेच नाणे होते. ते जपून खर्चावयाचे, शिष्याला वर्षानुवर्षे सेवा करावयास लावून मग हळूच हातावर ठेवावयाचे. विष्णु नारायण भातखंडे हे वकील. त्यांनी गावोगाव उस्तादांकडे फिरून शेकडो चिजा जमविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह छापून टाकल्या. जी चीज मिळविण्यासाठी कोणाचे पाय चेपावे लागत, ती पुस्तकाच्या किमतीत मिळू लागली. आम्ही भातखंड्यांच्याच बाजूचे. तथापि ज्याची तिजोरी अशी रस्त्यावर उघडली गेली त्या म्हाताऱ्या उस्तादाला काय वाटले असेल, हा विचारही मनातून जात नाही.

फुईने ती नोट दिव्याकडे धरून न्याहाळली आणि पुतण्याकरवी भरावयास घेतली. पहिल्या ओळीवर तिच्या सासूचे नाव आले. दुसरीवर एका चुलतसासूचे, तेही नुसते माहेरच्या गावावरून, कारण घरात तिला त्या गावाच्याच नावाने हाक मारीत. एक कडवे कापूस निंदताना शेजारच्या ओळीत असलेल्या भिलीणबाईचे होते; तिचे नाव फुईला पक्के ठाऊक होते, पण तिचे आडनाव, गाव, मुलेबाळे काही नाही. आणखी एक कडवे निमाडाकडून बांगड्या भरावयास येणाऱ्या कासारणीचे. “तिचं नाव?” “कासारीण.” पुतण्याने विचारले, “आणि चाल कोणाची?” फुईने तापीच्या बाजूला नुसता हात केला. पाचव्या ओळीवर नोट थांबली.

त्या रात्री आम्ही फुईला विचारले, की तुम्हां बायांना या गाण्याचे काय मिळत असे? ती म्हणाली, गूळखोबरे. आणि? आणि त्यांच्या घरी हळद असली की आपण जायचे. श्रावणात कानबाई बसली की रात्रभर गाणी लागत. या घरच्या बाया त्या घरी आणि त्या घरच्या या घरी. कोण आली नव्हती ते पक्के लक्षात राही. शेतकरी जशी सावड करतात, आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे, तशीच ही गळ्यांची सावड होती. तिचे खाते कधी बंद होत नसे, आणि मौज अशी की ते बंद होऊ नये हीच सगळ्यांची इच्छा असे. हिशेब पुरा झाला तर पुन्हा जावयाचे निमित्त काय? फुईच्या त्या वाक्याचा अर्थ आमच्या ध्यानात तेव्हा आला. आठ हजारांनी तिचे खाते चुकते होत होते, आणि ज्यांच्याशी ते होते त्यांतल्या दोघी निघून गेल्या होत्या.

एवढे कळल्यावर आमची लेखणी स्फुरू लागली नसती तरच नवल. आमच्या उत्तरेस सातपुडा आहे. तिकडे अक्कलकुव्याच्या बाजूस काठीची राजवाडी होळी असते. माणसाला उचलवणार नाहीत असे ढोल रात्रभर वाजतात, हजारो माणसे पहाटेपर्यंत नाचतात, आणि त्यांत ऐकणारे निराळे व वाजविणारे निराळे अशी वाटणीच नसते. जेथे श्रोता नाही तेथे तिकीट कोणाला लावणार? (ज्यांनी अंगावर नवस घेतलेला असतो ते रस्त्यावर फाग मागतात, पण तो मागण्याचा हक्कच मानला जातो, त्याला मजुरी कोणी म्हणत नाही.) सावड, सातपुडा आणि पैशाने आलेला अधःपात, असा एक निबंध आम्ही मनातल्या मनात जवळजवळ लिहून संपविला होता. तो छापून आला असता तर वाचकांस आवडलाही असता. तो लिहिला गेला नाही याचे श्रेय तिसऱ्या वस्तूला आहे.

ती एक पेटी होती. तिच्या आत कापूस घालून अशी योजना केली होती की नाणे टाकले तरी वाजू नये, आणि कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही दिसू नये. तिला पुतण्याने नाव दिले होते मुकी पेटी. तिचे कारण आम्हांला लगेच कळले. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आमच्याच तालुक्यातली. लोक तेथे घोडे पाहावयास जातात. आम्ही शाळकरी पोरे घोडेबाजाराच्या पलीकडच्या तमाशाच्या तंबूंत चोरून जात होतो. तेथे दौलतजादा चाले. लावणी ऐन रंगात आली की पुढच्या रांगेतला एखादा शौकीन नोट वर धरी. लावणी मध्येच थांबे. नाचणारी ती नोट घ्यावयास येई. आणि सोंगाड्या त्या गृहस्थाचे नाव, गाव, कधी कोणाच्या नावाने नोट दिली तेही, मोठ्याने पुकारी. मग पुन्हा लावणी, पुन्हा नोट. अशा रात्रीत तंबूभर पंचवीस नावे कानी पडत. त्यांत गाणारीचे नाव एकदाही घेतलेले आम्हांस आठवत नाही.

याच्या उलट एक गोष्ट आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी गौहर जान हिचे गाणे तबकडीवर उतरविले. त्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगते. त्याचे कारण साधे होते: तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे छापल्या जात, आणि तेथल्या कारागिरांना कोणती कोणाची हे कळावे. बाजाराने आपल्या सोयीसाठी केलेली ही गोष्ट. पण पैसे देणाऱ्याचे नाव पुकारण्याऐवजी गाणारीने आपले नाव सांगावे, हे तिच्यामुळे घडले. बाजार म्हटला की नाक मुरडणाऱ्यांनी (त्यांत आम्हीही आलो) त्या शब्दांकडे जरा लक्ष द्यावे.

पुतण्याला त्याच्या अभ्यासासाठी या धंद्यातल्या माणसांचे मत हवे होते. आमच्या मुलीच्या लग्नात ज्यांची सनई होती त्या वाजंत्र्यांच्या मास्तरांकडे आम्ही त्याला घेऊन गेलो. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगावयास आम्हांस आवडत नाही. लग्नात त्यांची बिदागी पंधरा हजार ठरली होती. ते तासभर उशिरा आले होते. आम्ही तेरा हजार दिले, आणि वर एक शाल, एक नारळ व एक लहानसे भाषण दिले. तुमच्या सनईचे मोल पैशात कसे करावे, अशा अर्थाचे ते भाषण होते. मांडवातल्या मंडळींना ते फार आवडले. दोन हजार वाचले, आणि आपण कलेचा सन्मान केला असे समाधानही लाभले. दोन्ही गोष्टी एकदम साधल्या, याचा आम्हांस त्या वेळी संशयदेखील आला नाही.

मास्तरांनी पेटी हातात घेऊन फिरवून पाहिली. म्हणाले, “नाना, चांगली आहे. पण मुक्या पेटीत कोणी कमी टाकले तर कोणाला विचारायचे?” मग नोट पाहिली, पाकीट पाहिले. पुतण्याने मोठ्या उत्साहाने त्यांना विचारले, की पैसाच नसता, सारे सावडीने चालले असते, तर तुम्हांला कसे वाटले असते? मास्तर थोडे थांबले. “आमच्याकडे ते होते ना,” ते म्हणाले. “माझा बाप गावाच्या प्रत्येक लग्नात वाजवायचा. पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे, लग्नात पंगत उठल्यावर जेवायचे. देतील ते, देतील तेव्हा. बापाला कधी ताप असला तरी वाजवायला लागायचे. पैसे देत नव्हते, म्हणून त्याला नाही म्हणता येत नव्हते. मला पैसे देतात. मी नाही म्हणू शकतो.”

आम्ही गप्प बसलो. फुईची सावड आणि मास्तरांच्या वडिलांचे खळे या दोन्हींत पैसा नव्हता. पण एकीकडे देवाणघेवाण बरोबरीच्यांत होती, आणि दुसरीकडे खाते कधी बंद होत नव्हते ते एकाच बाजूने. मनातल्या निबंधात आम्ही ही दोन्ही एकाच दोरीत ओवली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १८९६ मध्ये मिरज सोडली, तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते कोणा राजाच्या पदरी न राहता. तिकीट काढणारा श्रोता अरसिक असेल. पण तो गवयाला मध्यरात्री उठवून गावयास लावू शकत नाही. त्याच विद्यालयाची मुंबईची इमारत पुढे कर्जात गेली, हेही खरे. पैशाच्या वाटेने जाणाऱ्याला पैशाचे खड्डे चुकत नाहीत. पण मास्तरांच्या वडिलांना ती वाटच नव्हती.

निघताना मास्तरांनी कोपऱ्यातली एक पत्र्याची पेटी उघडून पुतण्याला दाखविली. आत शाली होत्या, घड्या घालून, एकीवर एक. “अकरा आहेत,” ते म्हणाले, आणि आमच्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, “नाना, तुमची वरचीच आहे.”

घरी येऊन आम्ही दोन हजार रुपये मोबाइलवरून त्यांना पाठविले. काय लिहावे ते सुचेना, म्हणून काहीच लिहिले नाही. तासाभराने त्यांचा एक शब्द आला: ‘पोचले.’

फुईच्या रुपयांचा निकाल तिनेच लावला. उरलेल्या दोघींना आणि वारलेल्या दोघींच्या सुनांना आणण्यासाठी एक जीप ठरवावयाची. त्या दिवशी आमच्याकडे जेवण. आणि मागच्या खेपेस कासारणीचे कडवे म्हणावयाचे राहून गेले होते, ते धरून गाणे पुन्हा पुरे टिपावयाचे. पुतण्याने विचारले, की खाली नावे कोणाकोणाची द्यायची? नोटेवर आहेत तेवढी सगळी, फुई म्हणाली, आणि कासारणीच्या जागी कासारीण लिही. आम्हांस सनईही हवी होती, म्हणून आम्ही मास्तरांना फोन केला व पूर्ण बिदागी आगाऊ देऊ केली. त्यांनी तारीख विचारली. त्या दिवशी त्यांना तळोद्याची सुपारी होती. ते नाही म्हणाले.

गाणे सनईवाचून झाले. दोन सुनांपैकी एकीला शब्द येत होते, दुसरीला येत नव्हते. ती पहिल्या दोन वेळा ओठ हलवीत राहिली आणि तिसऱ्या वेळी मोठ्याने म्हणू लागली. जाताना तिने फुईला आपल्या मुलाच्या हळदीची तारीख सांगितली. जीपचे भाडे, सामान, गूळखोबरे जाऊन साडेतीन हजारांच्या आसपास उरले आहेत. ते फुईने मुक्या पेटीत ठेवले असून त्या हळदीला जाण्यासाठी जीप याच पैशांतून ठरणार आहे.